एल्माची हातगाडी

आंग मो किओ, सिंगापूर
१४ मार्च २००४

चि. प्रफुल्ल यास,
मामाचे आशीर्वाद आणि जय भीम.

रविवारी फोन झाला, पण त्याने माझं पोट भरलं नाही. फोनवर तू नुसता "हो मामा, बरं मामा" करतोस आणि कार्ड संपत आलं की तुला बोलायचं आठवतं. कागदावर मात्र तू लहानपणापासून खरा. पत्राला तिकडे तीन आठवडे लागतात म्हणे. लागू देत.

आधी हे सांग, तू बोलत होतास तेव्हा मागे शंख वाजला. कॅरिबियन समुद्रातल्या बेटावर आरती कोण करत होतं?

आता मुद्द्याचं. सेंट अनेलच्या कौन्सिलने तुला कचऱ्याचा इंजिनिअर म्हणून बोलावलं, आणि तिथे बायामाणसं फळ्यांच्या गाड्या ओढत, उघड्या हाताने लोकांची घाण गोळा करतात, असं तू म्हणालास. ऐकून मला जेवण गेलं नाही. तुझे आजोबा छप्पन्न साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि मेलेली गुरं ओढायचा दोर त्यांनी वैनगंगेत फेकला. गावाने पाणी बंद केलं, किराणा बंद केला, पण दोर परत हातात धरला नाही. त्यांचा नातू तू. तुझ्या खात्यात हे चालता कामा नये.

मी काही शिकलेला नाही. जहाजाच्या कारखान्यात वेल्डिंग करायला आलो आणि आज इथल्या इंडस्ट्रियल पार्कात जुने कचरा-ट्रक नवे करून विकतो. दोन ट्रक तयार आहेत, कचरा पोटात दाबणारे. इंजिनाला कान लावून बघितलंय, खणखणीत आहेत. जहाजावर चढवतो. इथे बघ, आपण स्वयंपाकघरातल्या शूटमध्ये, म्हणजे कचऱ्याच्या नळीत, पिशवी टाकतो, ती धडधडत बारा मजले खाली जाते आणि आपला संबंध संपतो. तसं करून टाक.

एक गंमत. पुण्याचे हेमचंद्र आठवतात? इथे आयटीत मोठे मॅनेजर. रस्त्यावर सिगारेटचं थोटूक टाकताना सापडले. दंड झालाच, वर शिक्षा म्हणून भडक रंगाचं जाकीट घालून बागेत झाडू मारायला लावलं. टोपी नाकापर्यंत ओढून झाडत होते बिचारे. मी मुद्दाम जाऊन बाकावर बसलो, "काय हेमचंद्र, व्यायाम का?" म्हटलं. तुझी मामी दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. म्हणाली, दुसऱ्याच्या हातात झाडू बघून तुम्हाला गोड वाटतं का? खरं सांगू, वाटलं.

तुझा मामा,
शिवदास


सेंट अनेल
९ एप्रिल २००४

ती. शिवदासमामा व सौ. मीरामामी यांस,
सविनय जय भीम.

मामा, तुमच्या कानांना मानलं. तो शंख आरतीचा नाही. एल्मा नावाची बाई आहे, पन्नाशीची असेल. डोंगरावरच्या वस्तीत अरुंद पायवाटांनी गाडी घेऊन चढते आणि शंख फुंकते, की लोक कचरा घेऊन दारात येतात. उष्टं ती डुकरांना घालते, बाटल्या विकते, उरलेलं डेपोवर नेऊन टाकते. अशा बऱ्याच गाड्या आहेत. ही सगळी माणसं 'बॉटम' नावाच्या झोपडवस्तीत राहतात. डोंगरातून एक मोठी घळ खाली येते, तिच्या तोंडाशी.

एल्मा रोज माझ्या ऑफिसखाली थांबते आणि ओरडते, "मिस्टर प्राफ, तुझ्या टोपलीत काही आहे का, का आजही नुसते कागदच खाल्लेस?" गाडीला तिने लहान मुलांच्या बाबागाडीची चाकं लावली आहेत आणि निळा रंग दिलाय. मी तिला विचारलं, तुला या कामाची लाज नाही वाटत? ती म्हणाली, "लाज? मी नाही आले तर वरच्या बायका माझ्या नावाने रडतात. तू नाही आलास तर कोण रडेल?" आणि हसत सुटली. मला वाटतं, सवयीने माणसाला जाणीवच उरत नाही. आपल्या लोकांचंही तसंच झालं होतं ना?

ट्रक पाठवा. मी सभेत ठराव मांडला: हाताने कचरा उचलणं बंद. तुमचं नाव न घेता आजोबांच्या दोराची गोष्ट सांगितली. चेअरमन उठून उभे राहिले.

आपला,
प्रफुल्ल


आंग मो किओ
२ मे २००४

चि. प्रफुल्ल,
आशीर्वाद.

ट्रक निघाले. तुझं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं. ठरावाचं वाचताना मला हुंदका आला, तर आमची जाई इथल्या पोरांच्या बोलीत म्हणते, "पपा, डोन्ट क्राय लाह, इट्स ओन्ली रबिश."

एक विचारायचं राहिलं. अरुंद पायवाटा म्हणालास. माझा ट्रक मोठ्या अंगाचा आहे, तो वर कुठवर जाईल? हे लिहून कळव.

मामी विचारते, ती बाई मग काय करणार?

शिवदास


सेंट अनेल
१८ जून २००४

ती. मामा,
सविनय जय भीम.

ट्रक आले आणि काय सोहळा झाला! कौन्सिलच्या आवारात सगळ्या हातगाड्या गोळा केल्या. बँड होता. मी दोन शब्द बोललो: हे माणसाने करायचं काम नाही, आजपासून यंत्र करेल. मग एकेक गाडी ट्रकच्या पोटात टाकली. पहिली एल्माची. निळ्या फळ्या कडाकड मोडल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. एल्माच्या डोळ्यांत पाणी होतं. आयुष्यभराचं ओझं उतरलं की असंच होत असणार. मी तिला ऑफिसात सफाईचं काम दिलंय, हिरवा गणवेशही. आता ती मला मिस्टर प्राफ म्हणत नाही, "सर" म्हणते.

बाकीच्यांसाठी कचरा वेगळा करायची शेड बांधायची आहे. चेअरमन म्हणतात, पुढच्या वर्षी नक्की.

ट्रक रस्त्याच्या शेवटच्या वळणापर्यंत जातो. तिथे झाकणाचे मोठे डबे ठेवलेत. वरची माणसं पिशव्या तिथे आणून टाकतील. सिंगापूरमध्ये शिस्तीत टाकतातच ना.

सगळं छान चाललंय.

प्रफुल्ल


आंग मो किओ
२९ ऑगस्ट २००४

प्रफुल्ल,

तुझं जूनचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचतोय आणि मला ते आवडत नाहीये. "सगळं छान चाललंय" हे वाक्य माझ्याकडे ट्रक विकायला येणारे लोक बोलतात.

तीन रविवार फोन केला. मागे शंख नाही, कोणाचं ओरडणं नाही, हसणं नाही. आधी तुझ्या ऑफिसखाली बाजार भरल्यासारखं वाटायचं. मी विचारलं, डबे भरतात का? तू म्हणालास, भरतात. पण म्हणण्याआधी थांबलास. तेवढं मला पुरतं.

हे ऐक. इथे माणूस पिशवी शिस्तीत टाकतो कारण शूट स्वयंपाकघरातच आहे. शूट नसता तर हेमचंद्रांच्या बागेत सगळं सिंगापूर जाकिटं घालून उभं असतं. चढावर राहणारी बाई, कडेवर पोर, ती एवढ्या पायऱ्या उतरून डब्यापर्यंत येणार नाही. मग ती पिशवी कुठे टाकते? ते बघ. आज बघ. डोंगरातून घळ खाली येते असं तूच लिहिलं होतंस, आणि घळीच्या तोंडाशी वस्ती. वादळांचे महिने सुरू झालेत हे मला बातम्यांत दिसतंय.

गाड्या परत सुरू करायला लागल्या तर कर. माझी लाज धरू नकोस. हे मी फोनवरही बोललो असतो, पण तू "बरं मामा" म्हणाला असतास.

शिवदास


सेंट अनेल
१० ऑक्टोबर २००४

मामा,

तुमचं पत्र आलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. फोन मुद्दामच उचलला नाही. मामींना वाटत असेल मी आजारी आहे. मी धडधाकट आहे, त्याचाच त्रास होतो.

तुम्ही लिहिलं तसंच होत होतं. जुलैपासून मला माहीत होतं. डबे रिकामे असायचे आणि घळ भरत होती. मी वर फलक लावले, दंडाची धमकी दिली. लोक मान डोलवायचे. एल्मा एकदा फरशी पुसता पुसता म्हणाली, "सर, घळ भरतेय." मी म्हटलं, "लोकांना सवय लागेल." ती म्हणाली, "पाण्याला पण?" मी कागदात डोकं घातलं.

सप्टेंबरच्या वादळात रस्त्याखालची मोरी पिशव्यांनी बुजली. पाणी मागे तुंबत गेलं आणि भर सकाळी बांध फुटावा तसा सगळा रस्ता फुटला. बॉटममधल्या निम्म्या झोपड्या गेल्या. वर काही नाही, एक कौलही हललं नाही.

एल्मा सापडली ती पिशव्यांच्या ढिगाखाली. हिरव्या गणवेशामुळे कळलं. ट्रक तिथे पोचत नव्हते, मामा. हाताने उपसलं आम्ही. मी, तिची मुलगी जोसलिन, अजून काहीजण. एकेक पिशवी. कोणाच्या घरातली कोंबडीची हाडं, कोणाच्या बाळाचे लंगोट. शेवटी एल्मा. तिची धाकटी नात तिच्या पोटाशी होती.

शंख जोसलिनला चिखलात सापडला. तिने तो माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि गेली.

मला घरी परत यायचंय. पण आलो तर तुमच्यासमोर बसून जेवता येणार नाही.

प्रफुल्ल


आंग मो किओ
८ नोव्हेंबर २००४

बाळा,

पत्र मामीने वाचलं, मी ऐकलं. पूर्ण व्हायला दोन बैठका लागल्या.

तुला धीर द्यायचं मला जमणार नाही आणि देऊही नये. दोन ट्रक माझे होते. रंग माझा, कागद माझे, भाषणातली गोष्टसुद्धा माझ्याच घरातली. तुझ्या एकट्याच्या माथी हे नाही. पण तुझं तुझ्याजवळ आहे, ते मी काढून घेऊ शकत नाही.

एवढे दिवस मी एकाच गोष्टीवर अडलोय. तुझ्या आजोबांनी दोर फेकला तो त्यांच्या स्वतःच्या खांद्यावरचा होता. कोणी काढून घेतला नव्हता, कोणी बँड वाजवला नव्हता. तो गावाने लादला होता आणि त्यांनी नाकारला. ती बाई गाडी ओढत होती ती तिची होती. रंग तिने दिलेला. आपण दोघांनी तिला विचारलंच नाही. तिने हसत हसत सांगितलं होतं, ते तू मला लिहिलंस आणि मी वाचूनही ऐकलं नाही. माझे कान चांगले म्हणतोस ना?

परत येऊ नकोस. पुढचा पावसाळा जूनमध्ये आहे आणि घळ अजून भरलेली आहे, हे तू लिहिलं नाहीस तरी कळतंय.

मी वर्कशॉपात गाड्या बनवायला घेतल्या आहेत. पायवाटेत मावतील एवढ्या अरुंद. अॅल्युमिनियमचा पिंजरा, वर झाकण, उतारावर धरून ठेवणारा ब्रेक, हॉस्पिटलच्या ट्रॉलीची चाकं. हातमोजे आणि बूट सोबत. चाकांवर मी तासन्‌तास घालवतोय, अजिबात कुरकुरत नाहीत.

मीरा वर्कशॉपात आली. म्हणाली, "मामंजींनी जे नदीत फेकलं ते तुम्ही जहाजाने पाठवताय?" मी चाक फिरवून बघत राहिलो. मग तिने झाकण उचलून पाहिलं आणि म्हणाली, "कडा बोथट करा, हात कापेल."

शिवदास


सेंट अनेल
३० जानेवारी २००५

ती. मामा,
सविनय जय भीम.

गाड्या पोचल्या. फार सुंदर आहेत. कौन्सिलच्या आवारात रांगेने उभ्या आहेत आणि कोणी हात लावत नाही.

मी बॉटममध्ये घरोघर फिरलो. या वेळी पगार, सुट्टी, सगळं कागदावर आहे. चेअरमनकडून भांडून घेतलंय. माणसं उपाशी आहेत, तरी नाही म्हणून मान हलवतात. जोसलिनने मला दारातच उभं ठेवलं. म्हणाली, "माझ्या आईला तू सगळ्या गावासमोर सांगितलंस की हे माणसाचं काम नाही. ती घरी येऊन आरशात बघत बसली. विचारायची, मग मी इतकी वर्षं कोण होते? आता तू म्हणतोस परत ओढा. तेव्हा खोटं बोललास की आता बोलतोस?"

मामा, त्यांच्यात ही लाज नव्हती. ती मी बरोबर आणली. आपल्या गावातून, आपल्या घरातून, इतक्या लांब. आणि ती त्यांना अशी चिकटली की निघत नाही.

चेअरमनना तोडगा सापडलाय. तुरुंगातले कैदी नारिंगी जाकिटं घालून गाड्या ओढतील. मी कडाडून विरोध केला, पण बातमी फुटलीच. आता तर बॉटमची पोरंसुद्धा त्या गाड्यांना "कैद्यांच्या गाड्या" म्हणतात.

घळीत रोज पिशव्या पडतात. मोरी मोकळी केली होती, पुन्हा अर्धी भरली. उरलेल्या झोपड्या तिथेच आहेत. त्यांना दुसरी जागा नाही. जोसलिनचंही घर त्यातच आहे, राहिलेल्या पोरांसह.

प्रफुल्ल


आंग मो किओ
२० फेब्रुवारी २००५

चि. प्रफुल्ल,

तुझं पत्र वाचून मी हेमचंद्रांकडे गेलो. वर्ष होत आलं, त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मी म्हटलं, "त्या दिवशी बाकावर बसलो, चुकलं माझं." त्यांनी मला आत घेतलं, खुर्ची पुढे केली. मग म्हणाले, "झाडण्याचं काही नव्हतं हो. कंबर दुखली, संपलं. पण ते जाकीट अजून स्वप्नात येतं." चहा पाजला मला. साखर विसरले.

झाडूत काही नसतं. जाकीट कोण घालतं आणि कोण घालायला लावतं, सगळं त्यात आहे. कैद्यांना त्या गाड्यांना हात लावू देऊ नकोस. कौन्सिलला सांग, गाड्या अजून शिवदासच्या मालकीच्या आहेत. कागद तसेच केलेत मी, मला चेअरमन लोकांचा अनुभव आहे.

आणि कोणाच्या दारात जाऊ नकोस आता, ओढा म्हणून सांगायला. ज्याने कधी ओढली नाही त्याने सांगायचं नसतं.

मी येतोय. वर्कशॉप शैलेंद्रच्या हवाली करतो, माझ्यापेक्षा बरा वेल्डर आहे तो. तब्येतीचं म्हणशील तर पोट सुटलंय, पण दम आहे. एक गाडी तू ओढ, एक मी. मजुरी घ्यायची नाही, भाषण करायचं नाही, फोटोवाल्याला बोलवायचं नाही.

मामीला सांगितलं. ती रडली, मग भांडली, आणि आता माझ्या बॅगेत खोबरेल तेल भरते आहे. हाताला फोड येतील म्हणते.

तुझा मामा


सेंट अनेल
१७ एप्रिल २००५

प्रिय मीरा,

पोचलो तसा फोन केला होता, पण तेव्हा प्रफुल्ल शेजारी होता. तो काठीसारखा झालाय. आता तो चुलीपाशी भात लावतोय, मी पायरीवर बसून लिहितोय.

तू विचारशील म्हणून सांगतो, फोड आले. तेल उपयोगी पडलं.

सोमवारी सुरुवात केली. पायवाट उभी आहे, गाडी मागे खेचते, आणि तुझा नवरा बैलासारखा फुसफुसतो. माणसं खिडक्यांतून बघत होती. कोणी बाहेर आलं नाही. एका म्हाताऱ्याने आवाज दिला, "ए, कसली शिक्षा झाली रे तुम्हाला? चोरी की बाईची भानगड?" मी म्हटलं, "या वयात दोन्ही जमत नाही." तो हसला, पण कचरा आणला नाही. खाली जाता जाता आम्ही घळीतूनच दोन गाड्या भरून घेतल्या.

मंगळवारी प्रफुल्लने एल्माचा शंख बरोबर घेतला. मी फुंकायचा प्रयत्न केला. म्हैस हंबरल्यासारखा काहीतरी आवाज निघाला. तेवढ्यात एल्माची मुलगी जोसलिन खालून चढून आली. मला वाटलं, आता ती फुंकून दाखवेल. तिने शंख माझ्या हातातून घेतला, पदराने पुसावा तसा स्कर्टने पुसला, आणि निघून गेली. प्रफुल्ल तिथेच खाली बसला. मी त्याला उठवलं. तो शंख आमचा नव्हताच.

तेव्हापासून मी हाक मारतो. मराठीतच मारतो, "चला हो, कचरा!" त्यांना काय कळायचं ते कळतं. पहिल्या दिवशी ओरडताना बाबांची आठवण झाली. ते सांगायचे, त्यांच्या आज्याला गावात शिरताना अशीच हाक द्यावी लागायची, लोकांनी बाजूला व्हावं म्हणून. मी ब्रेक लावून थांबलो. मग परत मारली.

आणि एवढं सांगायला पत्र लिहितोय. काल अगदी वरच्या टोकाला एक दार उघडलं. तरुण बाई, कडेवर मूल. मी गाडीचं झाकण उघडून बाजूला झालो, माशाची पिशवी आहे, लांबून टाकेल म्हणून. ती दोन पायऱ्या उतरली, पिशवी माझ्या हातात दिली. बोटं लागली. मग दार लावून घेतलं.

बाकी सगळी दारं बंद आहेत. घळीत पिशव्या पडतातच आहेत, आम्ही दोघं काढतो त्याच्या किती पटीने, ते मी बघत नाही. आज दुपारी समुद्रावर पहिले ढग दिसले. जोसलिन दारात उभी राहून वर घळीकडे बघत होती.

प्रफुल्ल जेवायला हाक मारतोय. उद्या लवकर निघायचं आहे.

तुझा,
शिवदास